खुर्दबिनीखालचे तीर्थ

मित्रांनो, मला एकच डोळा आहे आणि त्याला पापणी नाही. म्हणून जे समोर आले ते मला पाहावेच लागले. आज तुमच्या शाळेच्या कपाटात मी खडूच्या खोक्याशेजारी बसले आहे. माझे पितळ काळवंडले आहे, खालचा आरसा एका बाजूने डागाळला आहे. तुम्ही मला साधा सूक्ष्मदर्शक म्हणता. औसा गावात मात्र मला खुर्दबीन म्हणत. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून चालत, तेव्हा माझे नावही उर्दूच पडले. मला ते अजून गोड वाटते.

माझा जन्म हैदराबादेतला, एका घडीसाजाच्या दुकानातला. घडीसाज म्हणजे घड्याळे दुरुस्त करणारा. म्हातारा होता, पण हात स्थिर. त्याने एका मोडक्या कंदिलाच्या दांड्यातून माझा कणा केला, शृंगारपेटीतल्या आरशाचा तुकडा पायाशी बसवला आणि भिंग मात्र स्वतः घासून घासून तयार केले. ते मला बसवताना तो म्हणाला, "देखो बी, जो है सो दिखाना. कम नक्को, जास्ती नक्को." आशीर्वाद म्हणून तेवढेच माझ्या पदरात पडले.

औशाच्या शाळेतले मार्तंडराव मास्तर शिक्षणासाठी हैदराबादेला आले होते. त्यांनी मला विकत घेतले, धोतरात गुंडाळले आणि आधी रेल्वेने, मग बैलगाडीने घरी आणले. घरात त्यांची पत्नी गोदावरी आणि मुलगी इंदू, एवढीच माणसे. इंदू तेव्हा नऊ वर्षांची होती. वडिलांना ती नाना म्हणे.

पहिले वर्ष माझ्या सुखाचे गेले. सकाळी शाळेत मुले माझ्याभोवती गर्दी करत आणि दुपारनंतर मी घरी इंदूची असे. खिडकीतले ऊन माझ्या आरशावर घ्यायचे, डोळा लावायचा आणि घरातले एकेक पाहायचे, हा तिचा खेळ. मिठाचा खडा तिला किल्ल्याच्या कापीव दगडासारखा दिसला. कांद्याचा पापुद्रा पाहून ती ओरडली, "नाना, कांद्यात गवंड्यानं भिंत बांधलीय!" आईच्या इरकली लुगड्याचा धागा ठेवला तर तो पोहऱ्याच्या दोरासारखा जाडजूड, केसाळ निघाला.

शेजारच्या तारामतीबाई दूध घालायला येत. त्यांचे शेत गावाबाहेर होते, बोलणे मोठे आणि मन मोकळे. एकदा इंदूने त्यांच्याच घरचे ज्वारीचे जुने पीठ चिमूटभर माझ्याखाली ठेवले. बाईंनी एक डोळा घट्ट मिटून दुसरा लावला आणि ताडकन मागे सरल्या.

"अगं माय! हे तर चालून राहिलंय!"

"तुमच्याच पिठातले आहेत, तारामावशी."

"माझ्या पिठात? न्हाई गं बाई. तुझ्या यंत्रातच किडं हायती. मास्तरला सांग, उन्हात घाल म्हणावं त्याला."

सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी तारामतीबाईंच्या अंगणात पीठ उन्हात पसरलेले होते, हेही खरे.

गोदावरीबाई स्वभावाने फार मृदू. त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नसे. त्याही कधीमधी डोळा लावत. माशीचा पंख पाहून म्हणाल्या, "कृष्णा, एवढ्याशा जिवालाही जरीकाम केलंस रे." पण एके दिवशी इंदू देवघरातला अंगारा घेऊन माझ्याकडे निघाली, तेव्हा त्यांनी तिचे मनगट धरले.

"देवघरातलं काही तिच्याखाली जायचं नाही, बाळ. देवाचं ते हात जोडून बघायचं."

इंदूने अंगारा परत ठेवला. तो नियम पुष्कळ दिवस कुणी मोडला नाही. मला त्याचे वाईटही वाटले नाही.

आता गोदावरीबाईंचा नेम सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्याभोवती आहे. इंदूच्या आधीची त्यांची दोन बाळे पाळण्यातच गेली होती. इंदू पोटात असताना त्यांनी देवघरातल्या बाळकृष्णापुढे पदर पसरला. हे मूल जगले तर मी रोज सोवळ्याने बारवेचे पाणी आणून तुला स्नान घालीन, आणि ते तीर्थ घेतल्याशिवाय घरात कुणी अन्नाला शिवणार नाही. इंदू जगली. तेव्हापासून ऊन असो, थंडी असो, बाई पहाटे महादेवाच्या बारवेच्या पायऱ्या उतरत, तांब्याची कळशी भरत आणि वाटेत कुणालाही न शिवता घरी येत. त्या पाण्याने बाळकृष्ण न्हात असे. मग इंदूच्या चिमुकल्या तळहातावर तीर्थाची पळी पडे.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पाण्यापर्यंत चालत जाता येते, पाण्यात उभेही राहता येते. घरातले पिण्याचे पाणी दुसऱ्या आडावरून येई आणि ते मास्तर दुहेरी फडक्यातून गाळायला लावत. त्या मुलखात तेव्हा नारू फार होता. तुम्ही तो पाहिला नाही, हे तुमचे भाग्य. पायाला फोड यायचा, आग आग व्हायची आणि फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा लांब किडा डोके काढायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मास्तरांना सांगितले होते की हा रोग पाण्यातल्या बारीक किड्यांवाटे पोटात जातो आणि जवळजवळ वर्षाने पायातून बाहेर पडतो. म्हणून गाळण्याबाबत मास्तर कडक होते. पण ते फडके ओवळे. सोवळ्याच्या कळशीला ते लावायचे कसे? त्यामुळे देवाचे पाणी तेवढे गाळले जात नसे. हे कुणाच्या लक्षातही आले नाही. तीर्थाला कुणी पाणी समजतच नव्हते.

त्या उन्हाळ्यात गोदावरीबाईंच्या पायाला फोड आला.

बारवेजवळच्या देवळाचे गुरव सिद्रामप्पा नारू काढण्यात हुशार होते. त्यांनी किड्याचे टोक काडीला गुंडाळले. "वढायचं न्हाई, बाईसाहेब," ते म्हणाले, "त्याच्या चालीनं येऊ द्यायचं. रोज जरा जरा. तुटला की पाय गेला समजा." त्यांचा स्वतःचा एक पाय असाच वाकडा होता. शेवटी सल्ला दिला, "लई आग झाली तर बारवेच्या खालच्या पायरीवर पाय सोडून बसा. मीबी बसतो. थंड वाटतंय."

बाई रोज बसू लागल्या. मित्रांनो, पाय पाण्यात गेला की तोच किडा आपली पिले पाण्यात सोडतो आणि पाण्यातले बारीक किडे ती गिळतात, हे त्या दोघांनाही माहीत नव्हते.

इकडे मास्तर बेचैन झाले. "गाळणं असताना हा आला कुठून?" असे ते दहादा म्हणत. मग बापलेकींनी घरातले सगळे पाणी माझ्याखाली आणले. रांजणातले, घागरीतले, तांब्यातले, मोरीतल्या हौदातलेसुद्धा. मी मन लावून दाखवले. सारे निवळ होते.

"बाहेर कुठं प्याली असेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनीच नकारार्थी मान हलवली. गोदावरीबाई दुसऱ्याच्या घरचे पाणीही पीत नसत.

एके सकाळी बाई तापाने पडून होत्या. पूजा आटोपून त्यांनी कशीबशी अंथरुणाला पाठ टेकली होती. पंचपात्रात तीर्थ उरले होते. इंदू देवघराच्या उंबऱ्याशी कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिने बाळकृष्णाला नमस्कार केला, पळीभर तीर्थ आणले आणि त्यातला थेंब माझ्या काचेवर ठेवला.

घडीसाजाचे शब्द मला आठवले. जो है सो दिखाना.

थेंबात ते होते. तिळाच्या टोकाएवढेही नव्हते, पण माझ्या भिंगाखाली स्पष्ट दिसत होते. झटके देत पोहणारे, कपाळावर एकच डोळा, शेपटीला अंड्यांच्या दोन पिशव्या. इंदूच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर धरली. तिने नानांना हाक मारली. मास्तरांनी पाहिले आणि तिथेच जमिनीवर बसले.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी बघतो काय करायचं."

पण दुसऱ्या सकाळी आईने पळी पुढे केली तेव्हा इंदूची मूठ उघडेना.

"हात पुढे कर, बाळ."

"आई, त्यात किडे आहेत. मी पाहिले."

गोदावरीबाईंनी आधी लेकीकडे पाहिले, मग कोपऱ्यात माझ्याकडे. आवाज चढला नाही.

"पाण्यात असतील. तीर्थात नसतात."

"अगं, निदान गाळून तरी घे," मास्तर म्हणाले.

"ओवळ्या फडक्यातून? आणि तीर्थ गाळायचं? गंगेला कुणी गाळून घेतं का?"

"बरं, तू घे. इंदूला देऊ नकोस."

"इंदू कशामुळं आहे, विसरलात का?" एवढे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. "मी नेम मोडायचा, आणि मग हिला काही झालं तर मी कुणाकडं जाऊ?"

गाळणे देवघरात नेले तर घर मोडत होते आणि न नेले तर मूल. इंदूने मूठ उघडली. पळीतले तीर्थ तिने डोळे मिटून घेतले. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात इतके वाईट मी काही पाहिले नाही.

त्याच दिवशी बाईंनी मला जुन्या उपरण्यात बांधले आणि माळ्यावर ठेवले. रागाने नाही. गाठही हलक्या हाताने मारली. पण वर अंधार होता. तुळईच्या फटीतून खालच्या घराचे आवाज मात्र येत; त्यावरून आणि नंतर घरात झालेल्या बोलण्यांवरून पुढचे मला कळत गेले.

बाईंना चैन नव्हते. पूजा लांबू लागली. घंटा मध्येच थांबे. एका पहाटे कळशीतून धार पडण्याचा आवाज आला आणि एकदम बंद झाला. मग त्यांचा हलका स्वर आला. "कृष्णा, त्या पोरीनं खरंच पाहिलं असेल तर मी तुला रोज किड्यांनी न्हाऊ घालते का रे?" नंतर कापड फाटल्याचा आवाज झाला.

त्यांनी आपले सोवळ्याचे मऊ झालेले लुगडे फाडले होते. ते फडके सोवळेच होते, ओवळ्याचा प्रश्न मिटला. आणि पाणी जोवर पाणी आहे तोवर गाळायचे. देवाच्या अंगावरून उतरून तीर्थ झाले की त्याला हात लावायचा नाही. ना नेम मोडला, ना देवाचा मान. ही वाट मास्तरांच्या पुस्तकात नव्हती आणि मलाही ती दाखवता आली नसती. ती त्यांना देवापुढेच सापडली.

दुसऱ्या दिवशी बारवेवर कळशीच्या तोंडाला दुहेरी फडके पाहून सिद्रामप्पांनी हटकले, तो संवाद बाईंनी घरी येऊन सांगितला. ते म्हणाले होते, "बाईसाहेब, हे काय करून राहिल्या? देवाच्या बारवेवर इस्वास न्हाई का?" आणि यांनी उत्तर दिले होते, "बारवेवर आहे, अप्पा. माझ्या डोळ्यांवर नाही."

मास्तर किती दिवसांनी हसले त्या दिवशी. मला वाटले, आता मला खाली काढतील. कुणी काढले नाही. वर्ष गेले. माझ्या भिंगावर धूळ बसली.

मग पुन्हा उन्हाळा आला आणि इंदूच्या घोट्याजवळ फोड उठला.

वर्षापूर्वी पोटात गेलेले आता बाहेर येत होते. मास्तरांना ते ठाऊक होते, त्यांनी ते समजावलेही. पण गावाला एवढेच दिसले की मास्तरणीने देवाचे पाणी गाळायला घेतले आणि वर्षात मुलीच्या पायाला नारू झाला. तारामतीबाई दुधाचा तांब्या घेऊन आल्या आणि ओसरीवरच रडू लागल्या. वाईट मनाच्या नव्हत्या त्या. भ्यालेल्या होत्या.

"वैनी, पाया पडते. सोडा ते फडकं. देवाचा संशय घेतला, तेचं हे फळ हाय. लेकरू जाईल तुमचं."

गोदावरीबाईंनी दुधाचा तांब्या घेतला आणि त्या इंदूकडे गेल्या.

तशात अघटित घडले. झोपेत कूस बदलताना इंदूच्या पायाची काडी गोधडीत अडकली आणि नारू तुटला. सकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. ताप चढला. सिद्रामप्पा आले, पाहिले आणि डोक्याचे पागोटे काढून हातात घेऊन बसले. दवाखान्यातून औषध आले. मास्तर खोलीबाहेर फेऱ्या घालत होते. देवघरात बाई उभ्या होत्या. समोर आज न गाळताच भरलेली कळशी होती आणि एका हातात ते फडके. आज गाळायचे की नाही? त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न नव्हता.

इतक्यात माळ्याची शिडी वाजली. गाठ सुटली आणि उजेड माझ्या डोळ्यात घुसला. समोर गोदावरीबाईंचा चेहरा होता. मला त्यांनी पदराने पुसले आणि इंदूच्या उशाशी आणून ठेवले.

"सांग, बाळ. डोळा कुठं लावायचा?"

इंदूचे ओठ कोरडे पडले होते. "आधी आरसा खिडकीकडं कर, आई. थोडा वर. आता हळूच ते चाक फिरव."

बाईंनी कळशी फडक्यातून गाळली. फडके उलटे करून वाटीतल्या पाण्यात झटकले आणि त्यातला थेंब माझ्याखाली ठेवला. त्यांचा डोळा माझ्या भिंगाजवळ आला. माणूस माझ्यातून पाहतो तेव्हा त्याचा डोळा मला फार मोठा दिसतो. त्या डोळ्यातली भीती मी पाहिली. मग ती बाहुली थरथरली आणि स्थिर झाली. किडे पोहत होते. एकाक्ष, जिवंत, कितीतरी. नंतर त्यांनी काच पुसून गाळलेल्या पाण्याचा थेंब ठेवला. तो निवळ होता. त्यांनी पुन्हा फडक्यातला थेंब पाहिला, पुन्हा कळशीतला. कुणी घाई केली नाही.

"हे मी तुला पाजलं," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या हातानं. रोज."

इंदूने आईचा हात ओढून आपल्या तापल्या गालाखाली घेतला. "तू तीर्थ पाजलंस, आई. किडे पाण्यात होते. तूच म्हणाली होतीस."

दाराशी तारामतीबाई उभ्या होत्या, सिद्रामप्पाही होते. गोदावरीबाई जरा सरकल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तारामती, ये. बघ. आणि हे यंत्रातले किडे नाहीत, हं."

तारामतीबाईंनी पाहिले. यावेळी त्या मागे सरल्या नाहीत. सिद्रामप्पांनी पाहायला फार वेळ घेतला. मग आपल्या वाकड्या पायाकडे पाहत म्हणाले, "मास्तर, मी इतकी वर्सं पाय बुडवून बसलो तिथं. ह्याचं काही..."

मास्तर म्हणाले, "अप्पा, आजपासून पाय बाहेर धुवा." त्यापुढचे त्यांनी बोलून दाखवले नाही आणि अप्पांनी विचारले नाही.

त्या दिवशी बाळकृष्णाचे स्नान उशिरा झाले, पण गाळलेल्या पाण्याने झाले. पुढच्या पहाटे बारवेवर आणखी एका कळशीला फडके होते. ते गोदावरीबाईंच्याच लुगड्याचे होते, आणि कळशी तारामतीबाईंची. हळूहळू त्या लुगड्याचे पुष्कळ तुकडे झाले. सगळ्यांनी नाही घेतले. काही घरांनी बाईंना हळदीकुंकवाला बोलावणे सोडले. ते त्यांनी निमूट सोसले.

इंदू वाचली. घोटा मात्र आखडला तो कायमचा. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या घरात कुणालाही नारू झाला नाही, पण त्या आनंदाने घरात कुणी हसलेही नाही. मास्तरांनी मला पुन्हा हातात धरले नाही. हिने आणखी लवकर दाखवले असते तर, असे त्यांना वाटे की काय, न कळे. मला तर मी फक्त एक भिंग आहे असे वाटते. माझ्याखाली जे ठेवाल तेच मी दाखवणार. जे ठेवायचे राहून गेले, त्याला मी काय करू?

पुढे राज्य पालटले, शाळा मराठीतून सुरू झाल्या. इंदू शिकली आणि इथे उमरीला मास्तरीण झाली. आईने निरोप देताना तिच्या ट्रंकेत दोन वस्तू ठेवल्या. एक मी, आणि मला गुंडाळायला सोवळ्याच्या लुगड्याचा शेवटचा तुकडा.

याच शाळेत इंदूबाईंनी पुष्कळ वर्षे शिकवले. फरशीवर त्यांचे एक पाऊल टेके आणि दुसरे घासत येई. तो आवाज आला की मी सावध होई. घरातल्या वस्तू आणा म्हटले की मुली मीठ आणत, साखर आणत, मुंग्या आणत. बाई सगळे दाखवत, कौतुक करत. मग शेवटी हळू आवाजात विचारत, "देवघरातलं काही आणलं का गं कुणी?" मुली एकमेकींकडे बघत.

"आणा," बाई म्हणत. "नमस्कार करून आणा. देव रागवत नाही."

आता ते पाऊल येत नाही. मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. माझ्या भिंगाला कोरड्या बोटाने घासू नका, चरे पडतात. खालच्या खणात ते जुने मऊ फडके अजून आहे, त्याने पुसा. आणि घरातली जी वस्तू माझ्याखाली ठेवायला तुमचा हात कचरेल, ती आधी ठेवा. इंदू त्या सकाळी उंबऱ्याशी उभी होती तशी खुशाल थोडा वेळ उभे राहा. पण मग आत या.